रविवारचा फेरफटका

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त गोरेगांव येथें भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें मोठा विषय घ्यावा, अशी आपल्याकडे चाल आहे. व्यवस्थापक मंडळींनीं आम्हांस "कुटुंब" हा विषय दिला आणि अर्धा तास दिला. अर्ध्या तासांत एवढ्या मोठ्या विषयाचें सर्वांग पाहूं जाणें म्हणजे धांवत्या आगगाडीच्या खिडकींतून एखाद्या गांवाची ओळख करून घेण्यासारखें होईल. म्हणून त्या विषयाचा एक लहानसा कोपरा आम्हीं निवडला आहे. आठवड्याच्या अखेरीस सगळें घर मिळून मोटारींतून फेरफटका मारण्याची जी चाल आपल्या गोरेगांवांतील पुष्कळ कुटुंबांत पडली आहे, तिच्याविषयीं आम्ही आज बोलणार आहों.

कोणी म्हणेल, फिरावयास जाणें ही चैनीची बाब. तिच्यावर धर्मगुरूनें व्याख्यान कां द्यावें? आमचें उत्तर असें. घरोघरीं भेटीस जातांना आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. ज्या घरांत माणसें एकमेकांशीं मन मोकळें करून बोलतात, तें घर आजारपण, बेकारी, कर्ज या सर्वांतून कसेंबसें तरून जातें. जेथें बोलणें थांबलें, तेथें पैसाअडका असूनही घर ओस पडतें. आतां, जेथें बोलणें अद्याप शिल्लक आहे अशा घरांत "आपण मंडळी बोलतां तरी केव्हां?" असें आम्ही विचारतों. जेवणाच्या वेळीं, असें फार थोडे सांगतात. कारण कोणी नऊला जेवतो, कोणी अकराला, आणि दूरदर्शनाचा पडदा तर चालूच असतो. पुष्कळ जण सांगतात, "फादर, रविवारीं, गाडींत." हें उत्तर इतक्या वेळां ऐकल्यावर त्याचा विचार करणें आम्हांस भाग पडलें.

सहकुटुंब वाट चालण्याची आपल्या लोकांची हौस मोटारीपेक्षां फार जुनी आहे. साष्टी बेटांतील आपल्या समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवीं वर्षीं, "ईस्ट इंडियन" हें नांव धारण केलें. त्या काळीं ही मंडळी भातशेती करीत, मासे धरीत, मिठागरांत राबत. सप्टेंबरांत वांद्र्याच्या मोत माउलीचा सण आला कीं बैलगाड्या जुंपल्या जात. आज ज्यास आपण स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतों, तो तेव्हां घोडबंदरचा रस्ता होता. आजी मध्यें पेंढ्यावर, मुलें मागें पाय सोडून, आणि गाडी बैलाच्या चालीनें. वांद्र्यापलीकडे माहीमास जावयाचें तर १८४५ पर्यंत खाडी होडीनें ओलांडावी लागे. त्या वर्षीं लेडी जमशेटजी जीजीभाई यांनीं दिलेल्या १ लक्ष ५७ हजार रुपयांच्या देणगीमुळें तेथें बांध-रस्ता झाला. १८६७ सालीं विरार ते बॅकबे आगगाडी धांवूं लागली व प्रवास तासांवर आला. परंतु बैलगाडींत जो लाभ अनायासें होत असे, तो आगगाडीनें कमी केला. बैलगाडींत सारें घर एका चौकटींत कित्येक तास बसलेलें असे. वाटेंतील प्रत्येक विहीर, प्रत्येक वडाचें झाड, प्रत्येक आप्ताचें घर वडील माणसें मुलांस दाखवीत. आगगाडीच्या गर्दींत प्रत्येकानें आपापली जागा धरली.

मोटार आपल्या घरांत फार उशिरां आली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील फियाट, जिचें नांव पुढें पद्मिनी झालें, ती मिळविण्यासाठीं लोकांस वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहावी लागे. तोंपर्यंत स्कूटर हेंच कुटुंबाचें वाहन. वडील चालवीत, थोरला पुढें उभा, धाकटें आईच्या मांडीवर. चार माणसांचें घर दोन चाकांवर निघे. आज आम्ही कोणास असें जावयास सांगणार नाहीं. परंतु तीं माणसें कांहीं वेड्या धाडसानें निघत नव्हतीं. एकत्र जावयाचें होतें आणि दुसरें साधन नव्हतें. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मग हळूहळू कारकून, शिक्षक, परिचारिका यांच्या दारांतही मोटार उभी राहूं लागली.

गोरेगांवकरांस फिरावयास लांब जावें लागत नसे. १९४९ सालीं स्थापन झालेली, तीन हजारांहून अधिक एकरांत पसरलेली आरे दुग्ध वसाहत आपल्या उंबरठ्यावरच आहे. १९५१ सालीं पंडित नेहरू तेथें आले होते. म्हशींचे गोठे, छोटा काश्मीर नांवाची बाग, तेथील तळें, आणि उतारावरून वाऱ्यासारखी घसरणारी मुलें, हा या उपनगराचा कित्येक पिढ्यांचा रविवार. त्याहून थोडें लांब जावयाचें तर मार्वें, आक्सा व मढ. वसईस ज्यांचें आजोळ आहे, त्यांस पूर्वीं घोडबंदरावरून मोठा वळसा घ्यावा लागे. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर व वसई यांच्यामध्यें मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली आणि मोटारीसकट खाडी ओलांडण्याची मौज मुलांस मिळाली.

येथें एक ऋण सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. रविवार हा सुटीचा दिवस आपणांस आयता मिळाला असें आपण समजतों. ख्रिस्ती लोकांस तर तो प्रभूचाच दिवस वाटतो आणि तें यथार्थ आहे. परंतु मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं कामगारांस साप्ताहिक सुटीच नव्हती. बाप पहाटे जाई, रात्रीं येई. मुलें त्यास झोपेंतच पाहत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभारली, आठवड्यांतून एक दिवस विसाव्याचा मागितला, आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मान्य झाली. अमेरिकेंत १९२६ सालीं हेन्री फोर्ड यांनीं आपल्या कारखान्यांत पांच दिवसांचा आठवडा केला. मोकळा वेळ मिळालेला कामगार मोटार विकत घेईल हा हिशेबही त्यांत होताच. आपल्या राज्य सरकारच्या कचेऱ्यांत पांच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आला. तेव्हां हा वेळ कोणीतरी मागून, भांडून, हिशेब करून मिळविलेला आहे. जी वस्तु इतकी महाग पडली ती आपण कोठें खर्चितों, हें पाहणें आपलें काम आहे.

धर्मगुरू आणि मोटार यांचें फार दिवस पटत नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. रॉबर्ट आणि हेलन लिंड या पतिपत्नींनीं अमेरिकेंतील मन्सी नांवाच्या एका गांवाचा अभ्यास करून १९२९ सालीं "मिडलटाउन" हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत तेथील धर्मोपदेशकांची तक्रार नमूद आहे कीं, रविवारीं लोक देवळांत येण्याऐवजीं मोटार घेऊन बाहेर जातात. त्याच पुस्तकांत दुसरी बाजूही आहे: कित्येक आईबापांस मोटारीमुळें घर एकत्र आल्यासारखें वाटे, आणि कित्येक घरांत तीच मोटार तरुण मुलें स्वतंत्र घेऊन जात व त्यावरून कलह होत. एकच वाहन घर जोडतें आणि तेंच घर फोडतें, ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेली आहे. आमचें म्हणणें असें कीं, मिस्सा आटोपून जें कुटुंब एका गाडींत बसून निघतें, तें रविवार मोडीत नाहीं. त्याचा रविवार देवळाच्या दाराशीं न संपतां पुढें चालू राहतो.

मग गाडींत असें काय घडतें कीं जें घरांत घडत नाहीं? एक उदाहरण सांगतों. नांव सांगणार नाहीं. त्या मंडळींची अनुमती आम्हीं घेतली आहे. वडील एका कारखान्यांत नोकरीस, आई परिचारिका, घरांत आजी, एक मुलगा व एक मुलगी. आईची सुटी ज्या आठवड्यांत रविवारीं येत नसे, त्या आठवड्यांत शनिवारीं संध्याकाळीं का होईना, पण सर्वांनीं मिळून मार्व्यापर्यंत जाऊन यावयाचें, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. डब्यांत फुगे, वाटेंत उकडलेल्या शेंगा, अर्धा तास वाऱ्यावर, कीं परत. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास होता. दोन महिन्यांपूर्वीं निकाल लागला होता आणि त्यानें तो दडविला होता. जेवतांना बापाच्या समोर बसला कीं त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

एके रविवारीं परत येतांना मालाडजवळ गाड्यांची रांग लागली. अंधार पडला होता, पाऊस चालू होता, कांच पुसणारी कांडी तेवढी हालत होती. मागील आसनावरून मुलगा म्हणाला, "पप्पा, माझे चार विषय राहिलेत. मला हे शिकायचंच नाही." वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांचे हात चाकावर होते. उठून जाणें शक्य नव्हतें, हात उगारणें शक्य नव्हतें, डोळे रस्त्यावरून काढणेंही शक्य नव्हतें. दिवा हिरवा झाला, मागच्याने भोंगा वाजविला, गाडी पुढें सरकली. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "आजीला आधी घरी सोडू. मग आपण दोघं आणखी एक फेरी मारू." आजी, आई व मुलगी उतरल्या. बापलेक महामार्गानें दहिसरपर्यंत जाऊन परत आले. काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. वडिलांनीं पुढें आम्हांस एवढेंच सांगितलें, "फादर, घरी बोलला असता तर त्या रात्री काहीतरी भलतंच झालं असतं." तो मुलगा आज पाककलेचें शिक्षण पुरें करून एका उपाहारगृहांत नोकरी करीत आहे. तो फार सुखी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कामाचे तास लांब आहेत व पगार बेताचा आहे. परंतु तो घरांत आहे, आणि बापाशीं बोलतो.

हें गाडींत कां घडलें, यावर आम्हीं विचार केला. आम्ही धर्मगुरू पापनिवेदनाच्या जाळीमागें बसतों. त्या जाळीचें प्रयोजन आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. माणसाला आपल्या मनांतील अवघड गोष्ट सांगतांना समोरचे डोळे नको असतात. ऐकणारा कान मात्र हवा असतो. गाडींत नेमकें हेंच होतें. सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस असतात. कोणी गप्प राहिलें तर तें लाजिरवाणें वाटत नाहीं, कारण बाहेर पाहावयास रस्ता आहे. कोणीही मध्येंच उठून दुसऱ्या खोलींत जाऊन दार लावूं शकत नाहीं. आणि प्रवास केव्हां तरी संपणार आहे हें सर्वांस ठाऊक असतें. म्हणून ज्याला बोलावयाचें असतें, तो घर जवळ येऊं लागलें कीं बोलतो. वडीलधाऱ्या मंडळींनीं ही खूण ध्यानांत ठेवावी. जातांना मुलें थट्टामस्करी करतात. परततांना खरें बोलतात.

त्याच घरांतील आजीचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. अलीकडे त्यांस नातवंडांचीं नांवें आठवत नाहींत. कधीं मुलाला त्या आपला भाऊ समजतात. परंतु गाडी मार्व्याच्या रस्त्याला लागली कीं त्यांची स्मृति जागी होते. "इथं आमचं खळं होतं." "इथून पुढं पाणी भरतं, चपला हातात घ्या." ज्या जागीं आज उंच इमारत आहे, त्या जागीं त्यांस भाताचा पेंढा दिसतो. नात ही वाक्यें एका वहींत लिहून ठेवूं लागली आहे. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारीं पुस्तकें थोडीं आहेत, आणि ज्यांच्या डोक्यांत तो इतिहास आहे त्यांचे दिवसही थोडे आहेत. म्हणून आमची सूचना आहे कीं, फेरफटक्यास निघतांना पुढचें आसन घरांतील सर्वांत वृद्ध माणसास द्यावें. मुलें त्या आसनासाठीं भांडतात. त्यांस समजावून सांगावें कीं, त्यांस तेथें बसावयास पुढें पुष्कळ वर्षें मिळतील.

आतां या चालीला ज्या गोष्टींनीं कीड लागते त्यांविषयीं दोन शब्द.

पहिली गोष्ट फोनची. गाडींत पांच माणसें आणि पांच पडदे असतील, तर तीं माणसें पांच निरनिराळ्या गांवांस निघालीं आहेत असें समजावें. रस्ता दाखविण्यासाठीं एक फोन पुढें असूं द्या. बाकीचे एका पिशवींत घालून पिशवी आईच्या पायाशीं ठेवा. बापानेंही आपला फोन त्यांतच टाकावा. बापाचा फोन बाहेर राहिला तर त्या नियमाला अर्थ नाहीं, आणि मुलें तें तत्काळ ओळखतात.

दुसरी गोष्ट घाईची. सकाळीं निघून लोणावळें, दुपारीं पुणें, रात्रीं परत, असा बेत केला कीं सगळा दिवस घड्याळाशीं भांडण्यांत जातो. घाटांतील रांगेंत बाप भोंगा वाजवितो, शेजारच्या चालकास शिव्या देतो, आणि मागें बसलेला दहा वर्षांचा मुलगा त्या शिव्या पाठ करतो. दर आठवड्यास जमेल एवढाच फेरा असावा. दोन तासांचा लहान फेरा वर्षांतून चाळीस वेळां झाला तर तो घराचा आधार होतो. वर्षांतून एकदां केलेली मोठी सहल केवळ छायाचित्रांत राहते. पेट्रोलाचा भाव आपण सर्व जाणतां. लहान फेऱ्यास खिसाही पुरतो.

तिसरी गोष्ट जिवाची. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, रविवारींच, उद्योगपति सायरस मिस्त्री यांचें पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातांत निधन झालें. त्यांच्यासह मागील आसनावर बसलेले दोघेही त्यांत दगावले, आणि त्यांनीं पट्टे बांधले नव्हते असें चौकशींत पुढें आलें. गाडी उत्तम होती, महामार्ग रुंद होता. त्याच महामार्गानें आपली पुष्कळ मंडळी वसई, पालघर व डहाणूकडे जात असतात. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईच्या पोलिसांनीं मोटारींतील सर्वांस पट्टा सक्तीचा केला. मागील आसनावरील आजी म्हणते, "मला आवळतो." तरी तिला तो प्रेमानें बांधावा. मुलास मांडीवर घेऊन पुढें बसणें ही माया नव्हे. आणि ज्यानें मद्य घेतलें आहे, त्यानें चाकास हात लावूं नये. लग्नसमारंभांहून परततांना हें विशेष सांभाळावें.

चौथी गोष्ट दुसऱ्यांच्या अंगणाची. आरेंत आपण फिरावयास जातों, पण तेथें वारली व इतर आदिवासी बांधवांचे पाडे आहेत. तीं माणसें तेथें पिढ्यानपिढ्या राहत आहेत. त्या रानांत बिबटेही आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्यें मेट्रोच्या कामासाठीं तेथील झाडें रात्रीं तोडलीं गेलीं, तेव्हां आपल्यापैकीं कित्येक तरुण तेथें धांवून गेले हें आम्हांस ठाऊक आहे. त्या रानावर प्रेम असेल तर तें रविवारींही दिसावें. गाडी हळू न्यावी, भोंगा वाजवूं नये, गाणीं मोठ्यानें लावूं नयेत, आणि नेलेला कचरा घरीं परत आणावा.

"आमच्यापाशीं मोटारच नाहीं, त्याचें काय?" असा प्रश्न कोणाच्या मनांत आला असेल. आम्ही मोटारीची जाहिरात करावयास आलों नाहीं. मुंबईंत १९३७ सालीं दुमजली बस आली. तिच्या वरच्या मजल्यावरील पहिल्या आसनावर बसून किती बापांनीं आपल्या लेकरांस शहर दाखविलें असेल! त्या जुन्या बसगाड्यांची अखेरची फेरी सप्टेंबर २०२३ मध्यें झाली. त्यांच्या जागीं नव्या आल्या, मेट्रो आली, आणि मार्व्याहून मनोरीस जाणारी बोट तर अजून थोडक्या पैशांत समुद्र दाखविते. १९७३ सालीं तेलाची टंचाई पडली, तेव्हां हॉलंडच्या सरकारनें कांहीं रविवार मोटारींस बंदी केली. लोक घरांत बसले नाहींत. आईबाप व मुलें रिकाम्या महामार्गांवर पायीं, सायकलीवर, चाकांच्या बुटांवर निघालीं. मार्च २०२२ पासून आपल्या शहरांतही पोलिसांनीं रविवारीं सकाळीं कांहीं रस्ते वाहनांस बंद ठेवून लोकांस मोकळे करून दिले होते. वाहन कोणतेंही असो. सगळ्यांनीं एका वेळीं, एका दिशेनें निघावें आणि ठरलेला नेम मोडूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.

आणि ज्यांस रविवारच मिळत नाहीं त्यांस विसरूं नका. आपण फिरतों त्या वेळीं पेट्रोलाच्या पंपावर कोणाचा तरी मुलगा उभा असतो. बोट हांकणारा, इमारतीचा रखवालदार, रुग्णालयांतील परिचारिका, घरोघरीं जेवण पोंचविणारा तरुण, हे सर्व कामावर असतात. लोखंडे यांनीं मिळविलेली सुटी त्यांच्यापर्यंत अजून पुरती पोंचलेली नाहीं. त्यांच्याशीं सौजन्यानें बोलावें. आपण बाहेर जाणार म्हणून घरकाम करणाऱ्या बाईस रविवारीं बोलावून घेत असाल तर तें बंद करावें. तिलाही मुलें आहेत.

शेवटीं, ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा विषय निवडला तिच्याकडे येतों. आपल्या धर्मग्रामांत अशीं घरें वाढत आहेत कीं, जेथें फेरफटक्यास जाणारें कोणी उरलें नाहीं. मुलें आखातांत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत. इमारतीच्या आवारांत मोटार कापडाखालीं झांकलेली. ती चालवील असा हात घरांत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका वृद्ध विधवा भगिनीकडे पवित्र शरीर घेऊन गेलों होतों. तिसरा मजला, उद्वाहन नाहीं. प्रार्थना झाल्यावर आम्हीं विचारलें, "बाई, आपणांस कांहीं हवें आहे काय?" आम्हांस वाटलें, औषध सांगतील, किंवा मुलास फोन लावून द्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "फादर, मार्व्याचं पाणी एकदा बघायचं होतं. सात वर्षं झाली." मार्वें त्यांच्या दारापासून आठ-नऊ किलोमीटरांवर आहे. त्यांच्याच जिन्यावरून दर रविवारीं संध्याकाळीं तीन कुटुंबें उतरून समुद्रावर जातात. त्यांपैकीं एकाही कुटुंबाच्या मनांत दुष्टावा नाहीं. कोणी कोणास विचारलें नाहीं, इतकेंच.

त्या भगिनीस पुढें दोन तरुणांनीं खुर्चींत बसवून खालीं आणलें आणि शेजारच्या कुटुंबानें आपल्या मोटारींतून मार्व्यास नेलें. त्या गाडींतून उतरल्या नाहींत. कांच खालीं करून पाऊण तास पाण्याकडे पाहत बसल्या. परततांना त्यांनीं त्या कुटुंबांतील मुलांस आपल्या लग्नाची वरात होडींतून कशी आली होती तें सांगितलें. आतां ती मुलेंच दर रविवारीं विचारतात, "मावशी येणार आहेत ना?"

तेव्हां या महोत्सवाच्या निमित्तानें आमचें आपणांकडे एक मागणें आहे. देवळासाठीं आपण पुष्कळ दिलें. घंटा, कौलें, बाकें, सर्व कांहीं आपल्या देणग्यांतून झालें. आतां एक जागा द्या. ज्यांच्या मोटारींत रविवारीं एक आसन रिकामें असतें, त्यांनीं आपलें नांव व इमारतीचें नांव देवळाच्या कचेरींत लिहून द्यावें. ज्या वृद्धांस, आजाऱ्यांस, एकट्या माणसांस बाहेर जावयाची इच्छा आहे, त्यांचीं नांवें आमच्यापाशीं आहेत. जिना उतरविण्यासाठीं तरुण संघांतील मुलांनीं पुढें यावें. याला वर्गणी लागत नाहीं, समिती लागत नाहीं, आणि सभाही लागत नाहीं.

आपल्या रोमन विधिपुस्तकांत वाहनांच्या आशीर्वादाची एक जुनी प्रार्थना आहे. तींत प्रेषितांच्या कृत्यांतील त्या इथियोपियाच्या अधिकाऱ्याचें स्मरण केलें आहे, जो आपल्या रथांत बसून शास्त्र वाचीत चालला होता आणि त्याचा अर्थ त्यास कळत नव्हता. फिलिप्प त्याच्याजवळ गेला, तेव्हां त्या अधिकाऱ्यानें त्यास रथांत वर येऊन शेजारीं बसावयास विनविलें. त्याच्या रथांत एक जागा रिकामी होती, आणि ती त्यानें वाटेंत भेटलेल्या परक्या माणसास दिली.

पुढील रविवारीं सकाळच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारांत वाहनांचा आशीर्वाद आहे. मोटारी आणा, स्कूटरी आणा, सायकली आणा; चाकांची खुर्ची असेल तर तीही आणा. पवित्र पाणी घेऊन आम्ही प्रत्येक वाहनापाशीं येऊं. मात्र त्या दिवशीं आवारांतून बाहेर पडतांना आपल्या शेजाऱ्यांपैकीं कोणास बरोबर न्यावयाचें, हें घरच्या मंडळींनीं शनिवारीं रात्रींच ठरवून ठेवावें. परमेश्वर आपल्या सर्वांच्या जाण्यायेण्याचें रक्षण करो.